सेमेलवाईसचा ग्रंथ : तक्ते आणि तंटे

विज्ञानाच्या इतिहासातील काही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जातात, की त्यांचे मूळ कागद उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉक्टरांना हात धुवायला लावणाऱ्या इग्नाझ सेमेलवाईसची गोष्ट अशांपैकीच आहे. ती साधारण अशी सांगतात : डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांमुळे बाळंतिणी मरतात हे एका तरुण डॉक्टरच्या लक्षात आले, त्याने सर्वांना हात धुवायला लावले, मृत्यू थांबले, पण अहंकारी वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढले आणि शेवटी तो खरोखरच वेड्यांच्या इस्पितळात मेला. मुलांना ही गोष्ट आवडते. शिक्षकांनाही आवडते, कारण ती एका तासिकेत बसते आणि शेवटी 'जेवणापूर्वी हात धुवा' असे सांगता येते.

या गोष्टीचा मूळ आधार म्हणजे खुद्द सेमेलवाईसने जर्मन भाषेत लिहिलेला ग्रंथ. त्याच्या लांबलचक नावाचे मराठी 'बाळंतज्वराची कारणमीमांसा, स्वरूप आणि प्रतिबंध' असे करता येईल. त्यावर १८६१ हे साल छापलेले असले तरी तो १८६० मध्येच बाहेर पडला. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी के. कोडेल कार्टर यांनी १९८३ मध्ये केलेले संक्षिप्त भाषांतर आहे. त्यात वादावादीचा बराच भाग गाळलेला आहे, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

ग्रंथाबद्दलचे आमचे मत आधीच सांगून टाकतो. निरीक्षणांवरून कारणापर्यंत कसे जावे याचा वस्तुपाठ म्हणजे त्याचा पूर्वार्ध. सापडलेले कारण लोकांच्या गळी कसे उतरवू नये, याचा वस्तुपाठ म्हणजे उत्तरार्ध. शाळेत सांगितली जाणारी गोष्ट पूर्वार्धातील तक्ते गाळते आणि उत्तरार्धातील तंटे मात्र नायकाची बाजू घेऊन सांगते. त्यामुळे मुलांच्या मनावर दोन गोष्टी ठसतात : पुरावा एका झटक्यात हाती येतो, आणि तो न मानणारे सगळे मूर्ख किंवा दुष्ट असतात. ग्रंथ वाचला तर या दोन्हींतले काहीच टिकत नाही.

आधी रोगाविषयी थोडे. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप भरायचा, पोट फुगून असह्य दुखायचे आणि बहुधा आठवडाभरात बाई दगावायची. याला बाळंतज्वर किंवा सूतिकाज्वर म्हणत. वार सुटून पडल्यावर गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मोठी उघडी जखमच राहिलेली असते. तपासणाऱ्याच्या बोटांवरून रोगजंतू तेथपर्यंत पोचले की ते रक्तात शिरतात. हे आज आपण सहज सांगतो. लुई पाश्चरने पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर या जंतूंच्या साखळ्या काढून दाखवल्या त्या १८७९ साली, म्हणजे सेमेलवाईसच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. सेमेलवाईसच्या ग्रंथात जंतू नाहीत. त्याने जंतू शोधले असे जिथे जिथे लिहिलेले आढळेल, तिथे लिहिणाऱ्याने ग्रंथ पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

व्हिएन्नाचे सार्वजनिक इस्पितळ १७८४ मध्ये सुरू झाले. सेमेलवाईस तेथे आला तेव्हा प्रसूतिविभागाच्या दोन शाखा होत्या. १८४० पासून पहिल्या शाखेत वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या शाखेत शिकाऊ सुइणी. येणाऱ्या बायका ठरलेल्या वारांनुसार आलटून पालटून एका किंवा दुसऱ्या शाखेत दाखल होत. कोणी कुठे जायचे हे बाईची ऐपत किंवा प्रकृती पाहून ठरत नसे. ती कोणत्या वारी येऊन पोचली यावर ठरे. प्रयोगात आपण तुलनेसाठी दुसरा गट ठेवतो. तो येथे एका सरकारी हुकमामुळे आयताच तयार झाला होता. ग्रंथाचे सगळे बळ या योगायोगात आहे, आणि तो योगायोग ओळखणे ही सेमेलवाईसची खरी हुशारी.

१८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या शाखेत २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ बायका मेल्या. दुसऱ्या शाखेत १७,७९१ बाळंतपणे आणि ६९१ मृत्यू. म्हणजे डॉक्टर शिकत होते तिथे दर शंभरांत जवळजवळ दहा आणि सुइणी शिकत होत्या तिथे चाराहून थोड्या कमी. प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा होता असे सेमेलवाईस दाखवून देतो, कारण पहिल्या शाखेतील पुष्कळ आजारी बायका इस्पितळाच्या इतर विभागांत हलवल्या जात आणि तिथे मेल्या तर त्या या तक्त्यात मोजल्या जात नसत. आकडेवारी वाचताना 'कोण मोजले' याबरोबर 'कोण मोजायचे राहिले' हेही विचारावे लागते. हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी जागा आम्हांला त्या काळच्या फारच थोड्या लेखनात दिसली आहे. शहरातल्या बायकांना मात्र हा फरक तक्त्यांशिवायच माहीत होता. पहिल्या शाखेत जावे लागू नये म्हणून त्या हातापाया पडत.

मग सुरू होतो तो ग्रंथातला सर्वांत वाचनीय भाग. त्या वेळी सांगितले जाणारे एकेक कारण तो उचलतो आणि दोन शाखांच्या तुलनेवर घासून पाहतो. हवेतील दूषितपणा, ऋतुमान, ग्रहमान? हवा तर दोन्ही शाखांवर एकच. गर्दी? दुसऱ्या शाखेत गर्दी जास्त, कारण बायकांचा ओढा तिकडे. लाज आणि भीती? मरणासन्न बाईला अखेरचा संस्कार देण्यासाठी पाद्री घंटा वाजवत पहिल्या शाखेच्या खोल्यांतून जाई, आणि ती घंटा ऐकून इतर बायका धास्तावत. सेमेलवाईसने पाद्र्याला घंटा न वाजवता आडमार्गाने जायला सांगितले. फरक पडला नाही. दुसऱ्या शाखेत बायकांना कुशीवर निजवून बाळंत करत, म्हणून पहिल्या शाखेतही तसे केले. तरीही फरक नाही. इस्पितळात पोचण्याआधी वाटेतच, रस्त्यावर बाळंत झालेल्या बायकांना हा ताप क्वचितच येई. उलट ज्यांच्या कळा चोवीस तासांहून अधिक लांबत, त्या पहिल्या शाखेत जवळजवळ हटकून आजारी पडत. दुसऱ्या शाखेत मात्र पडत नसत. कळा लांबल्या की तपासणाऱ्या हातांची संख्या वाढते, हे आज वाचणाऱ्याला लगेच सुचते. त्याला तेव्हा सुचले नव्हते, आणि तसे तो प्रामाणिकपणे लिहितो.

मार्च १८४७ मध्ये तो व्हेनिसला गेला होता. परत आला तेव्हा न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का वारल्याचे त्याला कळले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाईसला दिसले, की त्यांच्या शरीरात जे बदल झाले होते तेच मेलेल्या बाळंतिणींच्या शरीरात आढळत. पुरुषाला बाळंतज्वर व्हायचे कारण नाही. मग दोघांत समान काय? सुरीला प्रेतातला जो अंश होता तोच विद्यार्थ्यांच्या आणि डॉक्टरांच्या बोटांना असतो. ते सकाळी शवविच्छेदनगृहात काम करतात आणि तिथून सरळ बाळंतिणींकडे येतात. सुइणी शवविच्छेदन करत नाहीत. जुने दफ्तर काढून पाहिले तर तेही हेच सांगत होते. १७८४ ते १८२२ या काळात या प्रसूतिविभागात ७१,३९५ बाळंतपणांत ८९७ मृत्यू, म्हणजे शेकडा सव्वा. १८२३ पासून प्रेते उघडून अभ्यास करण्याची नवी पद्धत तिथे जोरात सुरू झाली आणि पुढच्या दशकात हे प्रमाण शेकडा पाचांवर गेले. वैद्यकशास्त्राची ती मोठी प्रगती होती, यात शंका नाही. तिची किंमत शेजारच्या इमारतीतल्या बायका चुकवत होत्या.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. प्रेताला शिवून आल्यावर अंघोळ करण्याची रीत आपल्याकडे आहेच, तेव्हा हे ज्ञान आपल्याला आधीपासून होते, असे म्हणणारे कोणी ना कोणी भेटतेच. रीत होती हे खरे. पण आपल्या रीतीत बाळंतीण स्वतःच दहा दिवस सोयरात धरली जाई आणि तिच्यासाठी घरातली जुनेरी काढली जात. कोणापासून कोणाला जपायचे, याचे उत्तर रीत एक देते आणि तक्ता दुसरेच. रीतीपाशी तक्ता नव्हता.

मे १८४७ च्या सुमारास सेमेलवाईसने पहिल्या शाखेच्या दाराशी क्लोरिनच्या पाण्याचे भांडे ठेवले. आत जाणाऱ्याने त्यात हात धुतलेच पाहिजेत. पुढे खर्च वाचावा म्हणून क्लोरिनयुक्त चुना वापरला. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टी.सी.एल. पावडरीचाच तो भाऊ. निवड जंतूंचा विचार करून केलेली नव्हती. साबणाने धुतले तरी हाताला प्रेताचा वास राहतो आणि क्लोरिनने तो जातो, म्हणून.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. यापुढचे आकडे मात्र सहसा कोणी दाखवत नाही. पहिल्या शाखेचे १८४७ चे महिने असे आहेत :

जानेवारी : बाळंतपणे ३११, मृत्यू १०
फेब्रुवारी : ३१२, ६
मार्च : ३०५, ११
एप्रिल : ३१२, ५७
मे : २९४, ३६
जून : २६८, ६
जुलै : २५०, ३
ऑगस्ट : २६४, ५
सप्टेंबर : २६२, १२
ऑक्टोबर : २७८, ११
नोव्हेंबर : २४६, ११
डिसेंबर : २७३, ८

गोष्टीत नेहमी एप्रिल आणि जून शेजारी शेजारी ठेवतात : शेकडा अठरा आणि शेकडा दोन! पण वरच्या तीन महिन्यांकडे पाहा. जानेवारी ते मार्च या काळात ९२८ बाळंतपणांत २७ मृत्यू, शेकडा २.९. क्लोरिन तेव्हा नव्हते. जून ते डिसेंबर, म्हणजे हात धुणे चालू असताना, १,८४१ बाळंतपणांत ५६ मृत्यू, शेकडा ३.०. म्हणजे हात धुण्याआधीची तिमाही आणि हात धुण्याची सातमाही यांत फरक जवळजवळ नाहीच. त्याच वर्षी दुसऱ्या शाखेत ३,३०६ बाळंतपणांत ३२ मृत्यू होते, शेकडा एक. तेव्हा १८४७ च्या अखेरीस एखादा विचारी डॉक्टर 'आकडे असे वरखाली होतच असतात' म्हणाला असता, तर त्याला मूर्ख म्हणायची आमची तयारी नाही.

सेमेलवाईसपाशी याचे उत्तर आहे आणि ते चांगले आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस एका चौकशी समितीने परदेशी विद्यार्थ्यांच्या आडदांड तपासणीला दोष दिला होता. त्यामुळे विद्यार्थ्यांची संख्या बेचाळिसांवरून वीसवर आणली गेली आणि तपासण्याही कमी केल्या गेल्या. हात कमी झाले, मृत्यू कमी झाले. मार्चच्या वीस तारखेला सेमेलवाईस पुन्हा साहाय्यक म्हणून रुजू झाला, आणि पाठोपाठ एप्रिलचा तो भयंकर आकडा येतो. शवविच्छेदनाचा नाद त्याच्याइतका फार थोड्या प्रसूतितज्ज्ञांना होता. आपल्या हातून किती जणी अकाली गेल्या हे देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे त्याने ग्रंथात लिहिले आहे. शास्त्रीय ग्रंथात लेखकाने असे लिहिणे दुर्मिळच.

सप्टेंबरपासूनची वाढही तो लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली, सतत स्राव होणारी बाई होती. तपासणी तिच्यापासून सुरू होई आणि तेच हात पुढच्या खाटांवर जात. त्या वेळी बाळंत झालेल्या बारांपैकी अकराजणी दगावल्या. नोव्हेंबरमध्ये सडलेल्या गुडघ्याच्या एका रोगिणीमुळे तसेच झाले. म्हणजे दोष फक्त प्रेतात नव्हता. जिवंत शरीरातल्या सडक्या अंशातही होता. मग दारात एकदा हात धुवून भागणार नव्हते. प्रत्येक रोगिणीनंतर हात धुवायचे आणि अशा रोगिणींना वेगळे ठेवायचे, हे नियम यातून आले. आमच्या मते ग्रंथातली सर्वांत मोठी झेप ही आहे, कोलेच्काची नव्हे. आपले गृहीतक जिथे कमी पडले तिथून त्याने ते वाढवले. आणि मग १८४८ साल आले. पहिल्या शाखेत ३,५५६ बाळंतपणे, ४५ मृत्यू, शेकडा १.२७. दुसऱ्या शाखेत ३,३१९ बाळंतपणे, ४३ मृत्यू, शेकडा १.३०. मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या शाखेत एकही बाई या रोगाने गेली नाही. दोन शाखांमधला वर्षानुवर्षांचा फरक पुसला गेला. खरा पुरावा हा. तो मिळायला दीड वर्ष लागले.

आता तंटे. या शोधाची पहिली जाहीर वार्ता सेमेलवाईसने दिलीच नाही. त्याचा मित्र हेब्रा याने डिसेंबर १८४७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ती दिली. तारीख पाहा : १८४८ चे आकडे अजून यायचे होते, आणि जिवंत रोगिणीकडून होणाऱ्या संसर्गाचा अनुभव नुकताच आलेला होता. त्यामुळे बाहेरच्यांनी जे ऐकले ते एवढेच, की प्रेताचा अंश हाताला लागून बाळंतज्वर होतो. कोपनहेगनच्या लेव्ही यांनी १८४८ मध्ये टीका केली. जिथे शवविच्छेदन होत नाही तिथेही हा रोग येतो, हा तर उघड आक्षेप होता. ब्रिटिश वाचकांना त्यात नवीन काही दिसले नाही. हा रोग डॉक्टर आणि सुइणी यांच्यामार्फत एका बाईकडून दुसरीकडे जातो, असे अबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्येच लिहिले होते, आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८४३ मध्ये. सेमेलवाईसचे म्हणणे यांच्याहून वेगळे आणि अधिक व्यापक होते. पण ते त्याने स्वतः ग्रंथरूपात सविस्तर मांडायला १८६० उजाडले. मधली तेरा वर्षे लोक त्याचा अर्धवट सारांश वाचून त्यावर वाद घालत होते.

'सगळे डॉक्टर त्याच्या विरुद्ध होते' हेही खरे नाही. रोकिटान्स्की, श्कोडा, हेब्रा ही व्हिएन्नाची त्या वेळची मोठी नावे त्याच्या पाठीशी होती. हात धुवायला लावले म्हणून त्याला हाकलले असे सांगतात. वस्तुतः १८४९ मध्ये त्याच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. वरिष्ठांची नाराजी त्यात होती, हे मान्य. पण ऑक्टोबर १८५० मध्ये, मनासारखी शिकवण्याची परवानगी मिळाली नाही म्हणून, ज्यांनी त्याच्यासाठी रदबदली केली त्यांनाही न सांगता तो व्हिएन्ना सोडून गेला. कील येथील मिखाएलिस यांनी त्याचे म्हणणे मानले. आपल्याच हातून नात्यातली एक स्त्री गेली हे त्यांना असह्य झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी जीव दिला. हे कारण मान्य करणे म्हणजे किती मरणे आपल्या पदरात घेणे आहे, हे विरोधकांच्या बाजूने पाहताना विसरता येत नाही.

उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे, की विरोधकांचे पर्यायी उत्तर फार दुबळे होते. व्हिएन्नात पुढे त्याच्या जागी आलेल्या कार्ल ब्राउनने बाळंतज्वराची तब्बल तीस कारणे दिली आणि प्रेताच्या अंशाला त्यांत अठ्ठाविसावे स्थान दिले. तीस कारणे असलेला रोग टाळायचा तरी कसा? सेमेलवाईस म्हणतो, कारण एकच : सडका सेंद्रिय अंश, मग तो कुठूनही येवो. या एका वाक्यात पुढच्या जंतुशास्त्राची दिशा आहे. पण जिथे बाहेरून काही आल्याचे दाखवता येत नाही तिथे तो अंश बाईच्या स्वतःच्या शरीरातच तयार झाला, असे तो म्हणतो. ही पळवाट ठेवल्यावर त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचा मार्गच बंद होतो. सशांवरचे प्रयोगही त्याने दिले आहेत, पण त्यांतून फारसे काही सिद्ध होत नाही.

उत्तरार्ध वाचणे हे मात्र कष्टाचे काम आहे. एकेका विरोधकाचे म्हणणे पानेच्या पाने उतरवून घ्यायचे आणि तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचे. १८६१-६२ मध्ये त्याने प्राध्यापकांना उद्देशून जी खुली पत्रे छापली, त्यांत तर त्यांना सरळ खुनी म्हटले. आपण बरोबर असताना लोक मरू देतात, याचा संताप समजू शकतो. पण खुनी ठरवलेला माणूस दुसऱ्या दिवशी हात धुवायला येत नाही. १८६५ च्या जुलैअखेर त्याला व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि पंधरवड्यात, १३ ऑगस्टला, तो वारला, वय सत्तेचाळीस.

या वाचनाला जोड म्हणून एक दुसरे छोटे पुस्तक घ्यावे असे आम्ही सुचवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८७१ मध्ये प्रसूतिगृहांविषयी 'प्रास्ताविक टिपणे' प्रसिद्ध केली. लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणी शिकवण्यासाठी त्यांच्या निधीतून चालवलेला कक्ष बाळंतज्वराच्या मृत्यूंमुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला होता. बाई स्पर्शजन्य रोगाच्या कल्पनेकडे संशयानेच पाहत. त्यांचा भर कोंदट हवा, गर्दी आणि घाण यांवर. म्हणजे कारणाच्या बाबतीत त्या सेमेलवाईसच्या मागे होत्या. पण पुस्तकाची सुरुवात कुठून होते? सर्वसामान्य बाळंतपणात किती बायका मरतात याची धड नोंदच कुठे नाही, या तक्रारीपासून. मग ठिकठिकाणचे आकडे जमवून त्या दाखवतात, की घरी बाळंत होणाऱ्या बायका प्रसूतिगृहांतल्या बायकांपेक्षा सुरक्षित आहेत. म्हणून खोल्या लहान हव्यात, बायका एकत्र कोंबू नयेत आणि प्रसूतिगृह सर्वसाधारण इस्पितळाला जोडलेले नसावे. आपल्या लेखनाला त्यांनी नावातच 'प्रास्ताविक' म्हटले. चुकीच्या सिद्धांतावरून त्या पुष्कळशा योग्य नियमांपर्यंत पोचल्या, कारण त्यांचा सिद्धांत त्यांच्या मोजणीच्या आड आला नाही. सेमेलवाईसच्या उत्तरार्धात सिद्धांत हाच पुढे उभा आहे आणि मोजणी मागे राहिली आहे.

पण सेमेलवाईसचा एक धागा बाईंच्या अगदी जवळ जातो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. १८५१ पासून पेस्टच्या सेंट रोखुस इस्पितळात त्याने सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत फक्त ८ मृत्यू होऊ दिले. पुढे पेस्टच्या विद्यापीठाच्या प्रसूतिविभागात मात्र ताप पुन्हा आला. हात तर धुतले जात होते. शोध घेतला तेव्हा दिसले, की स्वस्तात धुलाई करून घेण्याच्या नादात खाटांवरच्या चादरी रक्ताचे डाग तसेच असलेल्या परत येत होत्या. अधिकाऱ्यांशी भांडून त्याला ते बदलून घ्यावे लागले. म्हणजे इस्पितळातला संसर्ग थांबवायचा तर डॉक्टरच्या सदसद्विवेकबुद्धीइतकेच धुलाईच्या ठेक्याकडेही पाहावे लागते.

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे झाले, असे म्हणून सोडता येत नाही. आज प्रत्येक डॉक्टरला जंतू ठाऊक आहेत. तरीही जिनिव्हाच्या विद्यापीठ-रुग्णालयात १९९४ मध्ये डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा हात स्वच्छ करायला हवे अशा शंभर प्रसंगांपैकी फक्त ४८ प्रसंगी ते केले जात होते. त्यांनी कोणाला खुनी म्हटले नाही. बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायला पाऊण ते एक मिनिट लागते आणि अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला तासाभरात कितीतरी वेळा ते करावे लागते, हे त्यांनी लक्षात घेतले. अल्कोहोलयुक्त द्रावाच्या बाटल्या खाटेशी आणि खिशात आल्या. त्याला वीस-तीस सेकंद पुरतात. भिंतीवर चित्रे लागली, केलेल्या मोजणीचे आकडे कर्मचाऱ्यांना दाखवले गेले. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ वर गेले, आणि रुग्णालयात होणारे संसर्ग १९९४ मधील शेकडा १६.९ वरून १९९८ मध्ये शेकडा ९.९ वर आले. परिचारिकांत सुधारणा झाली, डॉक्टरांत फारशी झाली नाही, अशीही नोंद त्यांच्या २००० सालच्या निबंधात आहे. व्हिएन्नाच्या पहिल्या शाखेची आठवण यावी अशीच ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात आणि आपल्यासारख्या मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना तिथे असताना निदान एक तरी नवा संसर्ग होतो. ही माणसे अडाण्यांच्या हातून आजारी पडत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी, की आठवी-नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगू नये, तक्ते द्यावेत. प्रथम सहा वर्षांची दोन शाखांची बेरीज फळ्यावर लिहावी आणि शाखांत कोण शिकते ते सांगू नये. फरक का असावा याची मुलांनी सुचवलेली कारणे लिहून घ्यावीत, आणि प्रत्येकासाठी एकच विचारावे : हे कारण दुसऱ्या शाखेत नव्हते काय? ऋतुमान, जेवण, गर्दी, देवाची इच्छा, सगळे या चाळणीतून जाऊ द्यावे. नंतर १८४७ चे बारा महिने द्यावेत आणि 'मे महिन्यात काहीतरी बदल केला' एवढेच सांगावे. बहुतेक मुले एप्रिल आणि जून यांची तुलना करतील. एखादी मुलगी जानेवारी-फेब्रुवारीकडे बोट दाखवील. तिला गप्प करू नये. तिच्या शंकेवर वर्गाला थोडा वेळ भांडू द्यावे, उत्तर सांगण्याची घाई करू नये, आणि १८४८ चा तक्ता त्यानंतरच फळ्यावर लिहावा.